तिसरा सिलिंडर

ऑर्लँडो माएस्तासच्या गॅरेजात दोन खोकी.
एकावर कॉफीचा गोल डाग, एकावर त्याची मांजर.
"मांजरीखाली सुपरचार्जर," तो म्हणाला,
"डागाखाली टर्बो. पैशात
थोडंफार डावं-उजवं."

मी अजून बुटांवरचा बर्फ झाडत होते.
बाहेर अलामोसात उणे अकरा, आणि डोळ्यांत
रात्रपाळीचा पिवळा उजेड तसाच.

रोजचा रस्ता म्हणजे फोर्ट गार्लंड, मग ला व्हेटाचा घाट,
साडेनऊ हजार फुटांवर हवा इतकी विरळ
की पर्यटक फोटो काढायला उतरतात
आणि धापा टाकत गाडीत परततात.
पलीकडे वॉल्सनबर्ग, माझं हॉस्पिटल,
जिथे मी लोकांना श्वास लावून देते.
हो, तेच काम. नळ्या, मास्क, दाबाचे आकडे.
बारा वर्षं.

आणि घाटात माझीच गाडी,
जुनी निळी सुबारू, दोन दारांची,
बटाट्यांच्या ट्रकमागे
दमेकऱ्यासारखी.
चढावरची जादा लेन जेमतेम मैलभर,
ती संपते तेव्हा मी अजून
त्याच ट्रकच्या मागच्या चाकाशी.

ऑर्लँडो हवेतच पट्टा फिरवून दाखवतो.
"सुपरचार्जर इंजिनालाच बांधलेला.
पाय दाबलास की हजर, कशाला म्हणून विचारत नाही.
पण जेवतो इंजिनाच्याच ताटात,
आणि वर घाटात इंजिन जितकं दमतं
तितका तोही दमतो. सख्खा भाऊ.

टर्बोचं वळण निराळं.
तू मागे सोडून देतेस तो धूर, टाकाऊ,
त्याच्यावर त्याचं चाक फिरतं.
हवा विरळ झाली की आणखी जोरात,
उंचीला तो फारशी भीक घालत नाही.
फक्त दम धरायचा. पाय दाबायचा,
एक, दीड, मग पाठीत धक्का.
आणि घरी पोचलीस की लगेच बंद नाही करायचं,
मिनिटभर निवू द्यायचं त्याला."

माझा भाऊ एलॉय म्हणतो टर्बोच.
त्याने आजवर दोन इंजिनं फोडलीत,
म्हणजे अनुभवी माणूस.
बेनिग्ना मावशी म्हणते, तेवढ्यात छप्पर होतं.

मी त्या एक-दीडपाशीच अडले होते.
लेन संपत आलेली असताना दीड सेकंद केवढा असतो
ते मला कोणी सांगायला नको.
पेशंटने सोडलेला श्वास आणि त्याचा पुढचा,
त्यांच्या मधल्या जागेत मी रोज उभी असते.

"सुपरचार्जर," मी म्हणाले. मग, "थांब."
मग, "पण वर घाटात..."
मांजर कंटाळून उतरून गेली.

"आधी एक बघू," ऑर्लँडो म्हणाला.
प्लग काढले, एकेका सिलिंडरात हवा भरली.
पहिल्याने धरली. दुसऱ्याने धरली.
तिसऱ्यावर काटा खाली बसला, आणि
तेल ओतायच्या तोंडातून आवाज आला,
बारीक, ओलसर, न थांबणारा.

तो काही बोलायच्या आत मला कळलं.
हा आवाज मी कानांनी ओळखत नाही,
बरगड्यांवर ठेवलेल्या तळहाताने ओळखते.
अशा छातीत दाब वाढवायचा नसतो.
जिथे विरलेलं, तिथेच फाटतं.

"रिंगा गेल्यात," तो म्हणाला. "तिसऱ्याच्या."
"ऐकलं."

खोक्यांचे पैसे रिंगांत गेले, आणि क्लचमध्ये,
कारण इंजिन उतरवलंच आहे तर.
पाच आठवडे एलॉयच्या पिकअपमधून गेले-आले,
कुत्र्याच्या वासात, त्याच्या सल्ल्यांसकट.

आता मार्च. घाटात ट्रक पुढेच असतो.
मी तिसऱ्या गियरमध्ये त्याच्यामागे,
पडलेले बटाटे चुकवत,
आरशात निळा धूर नाही.

ऑर्लँडो म्हणतो, एक खोकं त्याने अजून
विकायला काढलेलं नाही, मांजर झोपते त्यावर.
मांजर हल्ली कोणत्या खोक्यावर झोपते
ते मी विचारलेलं नाही.